जुळाऱ्याची जागा

2009 सालच्या जुलैतली गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिक्षकांच्या दोन दिवसांच्या शिबिरासाठी आम्ही गेलो होतो. पाऊस लागून राहिला होता. शाळेच्या संगणक खोलीत लिनक्स बसवलेले सात-आठ जुने संगणक होते आणि अंगणापलीकडे कार्यालयात एक लेसर प्रिंटर. दोन्हींना जोडणारी केबल पडवीच्या वाशांवरून नेलेली होती. शिबिराच्या पहिल्याच सकाळी दहावीच्या चाचणीची प्रश्नपत्रिका छापायची निघाली. संगणकाच्या पडद्यावर ती छान मराठीत दिसत होती, मधोमध बहिर्गोल भिंगाची किरणाकृतीही होती. आज्ञा दिली. पाच मिनिटांनी कार्यालयातला शिपाई हातात कागदांचा गठ्ठा घेऊन पावसातून धावत आला. प्रश्नपत्रिका दोन पानांची. गठ्ठा साठ-सत्तर पानांचा. प्रत्येक पानावर डावीकडून उजवीकडे जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जाणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या आणि आकड्यांच्या ओळी, पुढे सगळे कोरे. त्याने मुख्याध्यापकांना विचारले, "सर, ह्यां खंयच्या भाषेत छापलां?"

सगळे हसले. पण प्रश्न अगदी बरोबर होता. ती खरोखरच एक भाषा होती, आणि ती प्रिंटरला येत नव्हती. आमचे शिबिर ठरले होते प्रकाशाच्या अपवर्तनावर. पहिला दिवस गेला तो या प्रश्नात. त्या दिवशी जे बोलणे झाले तेच इथे जरा सविस्तर मांडतो आहोत.

पहिल्या पानाच्या सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि त्याला लागून उद्गारचिन्ह होते. ही पोस्टस्क्रिप्ट भाषेची खूण. अडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी 1984 साली ही भाषा आणली. तिच्यात पान म्हणजे अक्षरांची रांग नसते, पान काढून दाखवण्याची कृती असते. लेखणी अमुक बिंदूवर न्या, तिथून तमुक बिंदूपर्यंत रेघ ओढा, या वळणाच्या आतला भाग काळा करा, अशा सूचना. आरंभबिंदू पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आणि एकक म्हणजे इंचाचा 72 वा भाग. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडणाऱ्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 1985 साली आलेल्या ॲपलच्या लेसररायटर प्रिंटरच्या पोटात ही भाषा समजणारा स्वतंत्र संगणकच होता, म्हणून तो प्रिंटर तेव्हा जवळपास सात हजार डॉलरला पडे. स्वस्त प्रिंटरांच्या पोटात असे काही नसे. आलेला प्रत्येक बाइट म्हणजे एक इंग्रजी अक्षर, एवढेच ते जाणत. आमच्या शाळेतला प्रिंटर या दुसऱ्या जातीचा. त्याच्याकडे पान काढण्याची कृती गेली. त्याने ती कृतीच प्रामाणिकपणे छापली.

आणि ओळी पायऱ्यांसारख्या का? टंकलेखन यंत्र वापरलेल्या शिक्षकांना हे चटकन कळेल. ओळ संपली की तिथे दोन वेगळ्या क्रिया होत: कागद एक ओळ वर सरकवणे आणि गाडा पुन्हा ओळीच्या सुरुवातीच्या जागी आणणे. दूरमुद्रकांतही या दोन क्रियांना दोन वेगळी चिन्हे होती. युनिक्स या संगणक प्रणालीने आपल्या फायलींत ओळ संपल्याची खूण म्हणून त्यांतले एकच चिन्ह ठेवले, कागद सरकवण्याचे. लिनक्स युनिक्सच्याच वळणाची, म्हणून तिनेही तेच उचलले. पुष्कळशा प्रिंटरांना मात्र दोन्ही चिन्हे लागतात. एकच मिळाले की कागद वर सरकतो, पण गाडा जिथल्या तिथे राहतो. युनिक्सवर प्रिंटर जोडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने आपल्या पहिल्या कागदावर हा जिना पाहिलेला असतो.

यावर दोन उपाय संभवतात. सगळ्या फायली बदला, नाहीतर प्रिंटर बदला. युनिक्सच्या लोकांनी तिसराच उपाय केला. दोघांनाही हात न लावता त्यांच्या मधे एक छोटी आज्ञावली बसवली. एका बाजूने बाइट आत घ्यायचे, हवा तो बदल करायचा, दुसऱ्या बाजूने सोडून द्यायचे. तिला त्यांनी फिल्टर म्हटले. आपण गाळणी म्हणू. अर्थात चहाच्या गाळणीसारखी ती फक्त अडवत नाही, ती भरही घालते. जिना सरळ करणारी गाळणी एवढेच करते, की प्रत्येक ओळीच्या शेवटी गाडा डावीकडे आणण्याचे चिन्ह घालते आणि सगळे संपल्यावर पान बाहेर टाकण्याचे.

गाळणी ही उपमा मूळची मुद्रणातली नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅक्‌इलरॉय यांनी ऑक्टोबर 1964 मध्ये एक टिपण लिहिले. बागेतल्या रबरी नळीला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो तशा आज्ञावली एकमेकींना जोडता आल्या पाहिजेत, असे त्यात सुचवले होते. केन थॉम्पसन यांनी ती सोय युनिक्समध्ये प्रत्यक्ष आणली 1973 साली. एका आज्ञावलीतून निघालेले सरळ दुसरीत. आणि युनिक्सचे पहिले खरे गिऱ्हाईक कोण, तर त्याच प्रयोगशाळेचा पेटंट विभाग. 1971 पासून तिथले टंकलेखक या प्रणालीवर पेटंटचे अर्ज तयार करू लागले, ठरलेल्या नमुन्यात, ओळींना क्रमांक घालून. युनिक्स पोसली गेली ती अशी कागद छापण्याच्या कामावर. पुढे जो ओसाना यांनी ट्रॉफ ही अक्षरजुळणीची आज्ञावली एका विशिष्ट फोटोटाइपसेटर यंत्रासाठी लिहिली. 1977 साली ते वारले, आणि त्यांच्या मागे ब्रायन कर्निहान यांनी तिची अशी पुनर्रचना केली की ती कोणत्याच यंत्राची भाषा बोलणार नाही. ती एक मधली भाषा बोलेल, आणि प्रत्येक यंत्रासाठी शेवटी एक वेगळी छोटी आज्ञावली तिचे भाषांतर करील.

जुन्या छापखान्यात या मधल्या जागेवर माणूस बसे, तो म्हणजे जुळारी. लेखकाच्या हस्ताक्षरातला मजकूर त्याच्या डावीकडे, खिळ्यांच्या पेट्या समोर. लेखकाला खिळ्यांची माहिती नसे, यंत्राला लेखकाची नसे. दोन्ही माहीत असलेला मधला माणूस एवढाच. मराठीत तर त्याचे काम दुप्पट अवघड. गाळणीची कल्पना शिबिरात सांगताना आम्ही जुळाऱ्याचेच उदाहरण घेतले आणि ते लगेच पटले. तिथल्या एका वयस्कर शिक्षकांनी तरुणपणी छापखान्यात जुळाऱ्यांना काम करताना पाहिलेले होते.

युनिक्सच्या बर्कली विद्यापीठातल्या आवृत्तीत छपाईची व्यवस्था अशी असे. आपण छापायला दिलेली फाईल आधी एका ठरलेल्या कप्प्यात रांगेत ठेवली जाई. तिच्यासोबत एक चिठ्ठी: कोणी दिली, कोणत्या यंत्रावरून, कोणत्या प्रकारची आहे. एलपीडी नावाची आज्ञावली सतत जागी राहून रांग पुढे सरकवी. आणि प्रिंटकॅप नावाच्या साध्या फायलीत प्रत्येक प्रिंटरची कुंडली लिहिलेली असे. ही कुंडली दोन-दोन अक्षरांच्या संक्षेपांत. एका संक्षेपापुढे कप्प्याचा पत्ता, एकापुढे जास्तीत जास्त किती मोठी फाईल घ्यायची, आणि 'इफ' या संक्षेपापुढे गाळणीचे नाव. प्रत्येक फाईल प्रिंटरकडे जाण्यापूर्वी त्या गाळणीतून जाणार. ट्रॉफसाठी, फोरट्रानसाठी, चित्रांसाठी वेगळ्या गाळण्यांचीही सोय होती. ती कोणती वापरायची ते चिठ्ठीवरच्या एका अक्षरावरून ठरे.

या रचनेतली आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की 'इफ'पुढे कोणत्याही आज्ञावलीचे नाव लिहिता येई. ती बर्कलीने दिलेली असायला हवी असे नाही, प्रिंटरच्या कंपनीने दिलेली तर मुळीच नाही. चार ओळींची घरगुती चालेल. एवढीच अट, की एकीकडून घ्यावे आणि दुसरीकडून सोडावे. ज्याच्या हाती यंत्राची किल्ली, तो जुळाऱ्याच्या जागेवर स्वतःचा माणूस बसवू शके.

1983 सालच्या बर्कली आवृत्तीपासून जाळे आले. (मालवणात जाळे म्हटले की रापणच डोळ्यांपुढे येते; हे जाळे तारांचे.) प्रिंटकॅपमध्ये दूरच्या यंत्राचे नाव आणि तिथल्या रांगेचे नाव लिहिले की या खोलीतली फाईल त्या इमारतीत छापली जाई. या देवघेवीचे नियम ऑगस्ट 1990 मध्ये लिहून प्रसिद्ध झाले. पण इथे एक मजेदार अडचण होती, आणि तिने कित्येकांच्या रात्री खाल्ल्या. दूरच्या यंत्राचे नाव लिहिले की जुनी एलपीडी 'इफ'कडे बघतच नसे. फाईल जशीच्या तशी पुढे जाई. हा घोटाळा नव्हता, तो विचार होता. पलीकडेही एक युनिक्स संगणक असणार, त्याला आपल्या प्रिंटरची भाषा माहीत असणार, तर गाळणी त्याने लावावी हे योग्य. 1983 साली हे बरोबरच होते. पुढे 1990 नंतरच्या वर्षांत प्रिंटरालाच जाळ्याचे कार्ड बसू लागले. आता पलीकडे संगणक नव्हता, फक्त एक मुका प्रिंटर होता. अलीकडच्याने गाळले नाही, पलीकडे गाळणारा कोणी नाही, आणि मधून निघाला जिना.

यावरचा तोडगा आम्हाला अजूनही आवडतो. एकाच प्रिंटरच्या दोन कुंडल्या मांडायच्या. पहिलीत दूरचे नाव लिहायचेच नाही, फक्त गाळणी लिहायची; आणि त्या गाळणीच्या शेवटच्या ओळीत, गाळलेला मजकूर दुसऱ्या रांगेत टाकण्याची आज्ञा. दूरचे नाव दुसऱ्या रांगेत. एलपीडीच्या एका ओळीलाही हात न लावता काम झाले. पुढे चिठ्ठीवरच्या अक्षरावर विसंबण्याऐवजी फायलीचे पहिले काही बाइट पाहून ती कशाची आहे हे ओळखणाऱ्या गाळण्या आल्या. टक्का आणि उद्गारचिन्ह दिसले तर पोस्टस्क्रिप्ट, मग ते घोस्टस्क्रिप्टकडे द्या. एल. पीटर डॉइच यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेली ही आज्ञावली पोस्टस्क्रिप्टची कृती स्वतः अमलात आणते आणि तयार पान ठिपक्यांच्या रूपात साध्या प्रिंटरला देते. सात हजार डॉलरच्या प्रिंटरच्या पोटातले काम असे संगणकावर आले.

ही जागा बंद केली तर काय होते, याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. 1980 च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर मिळाला. जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक सोय घातली होती: कागद अडकला की रांगेत थांबलेल्यांना संदेश जाई. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली कंपनीने दिलीच नव्हती, त्यामुळे त्यात तसे काही घालता येईना. ती ज्याच्याकडे होती अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाकडे स्टॉलमन गेले, तर त्याने गुप्ततेचा करार केलेला. सप्टेंबर 1983 मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि त्यामागे ही घटना असल्याचे ते स्वतः सांगत आले आहेत. शाळेतल्या लिनक्सचा बराचसा भाग या प्रकल्पातून आलेला आहे.

एवढ्यावर एका शिक्षिकेने विचारले, की हे सगळे इंग्रजीचे झाले, मराठी यात कुठे आली? उत्तरासाठी आम्हाला संगणकाच्या पलीकडे, मालवणच्या दक्षिणेला गोव्यात जावे लागले.

गोव्यात छापखाना आला 1556 साली. 1579 मध्ये तिथे आलेला इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स मराठी इतके शिकला, की त्याने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 साली रायतूरला छापले गेले. मराठी भाषेत, रोमन अक्षरांत. याचे कारण त्याच्याच एका पत्रात मिळते, आणि अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणावरच्या आपल्या 1958 सालच्या इंग्रजी ग्रंथात ते दिले आहे. 1608 मध्ये स्टीफन्सने रोमला कळवले होते, की या देशाच्या लिपीत पुस्तके छापावीत अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे. पण युरोपात जिथे चोवीस साचे पुरतात तिथे इथे सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील आणि ते अशक्य वाटते, ही त्यातली एक अडचण होती. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. व्यंजने, त्यांच्या काना-मात्रा-वेलांट्यांसह रूपे, जोडाक्षरे, असे प्रत्येक रूप वेगळा साचा मानले तर संख्या शेकड्यांत जाते. पुढे देवनागरी खिळे झाले, विल्यम केरीचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूरला छापले गेले, मुंबईत 1869 मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर निघाला. पण सहाशेचा प्रश्न सुटला तो मुख्यतः जुळाऱ्याच्या बोटांनी. अर्धी अक्षरे, मात्रा, रफार सुटे ठेवायचे आणि जोडायचे नियम माणसाने डोक्यात ठेवायचे.

आता आपल्याच जिल्ह्याचे नाव घ्या: सिंधुदुर्ग. उच्चारात आधी 'स' आणि मग 'इ'. लिहिताना मात्र वेलांटीचा दांडा 'स'च्या आधी येतो. 'र' उच्चारात 'ग'च्या आधी, कागदावर 'ग'च्या डोक्यावर. म्हणजे उच्चाराचा क्रम एक आणि कागदावरचा क्रम दुसरा. पहिल्यातून दुसरा करणारा कोणीतरी मधे हवाच.

1991 साली नेदरलँडमधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी ती जागा भरली. डोनाल्ड क्नुथ यांची टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली विद्यापीठांत रुळलेली होती. वेल्थुइस यांनी तिच्यासाठी देवनागरी वळणे तयार केली आणि 'देवनाग' नावाची एक गाळणी लिहिली. टंकायचे रोमन अक्षरांतच. दीर्घ 'आ' साठी 'ए' हे इंग्रजी अक्षर दोनदा, 'ण' साठी आधी टिंब आणि मग 'एन'. फायलीत जो भाग ठरावीक खुणेने महिरपी कंसात घातलेला असेल तेवढा गाळणी बदलते, बाकीचा तसाच सोडते. वेलांटी पुढे आणणे, रफार मागे नेणे, जोडाक्षर निवडणे हे सगळे ती करते. मग पुढे टेक, त्यापुढे पोस्टस्क्रिप्ट करणारी आज्ञावली, त्यापुढे घोस्टस्क्रिप्ट आणि शेवटी प्रिंटर. टिंबांनी भरलेला तो मजकूर टंकणे किचकट होते यात वाद नाही. पण प्रिंटर कोणताही असो, त्याला मराठी येत असण्याची गरज उरली नाही. त्याच सुमारास अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही याच धर्तीची आज्ञावली आली. तिच्यासाठी रोमनमध्ये टंकलेल्या मराठी गीतांचे संग्रहही पुढे झाले.

स्टीफन्सचे 1616 मधले पान आणि 1991 नंतरचे हे पान शेजारी ठेवून पाहावे. दोन्हींची सुरुवात सारखी: रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी. एक तसेच्या तसे छापले गेले, दुसरे देवनागरीत उतरले. फरक फक्त मधल्या जागेचा. ती जागा उघडी होती म्हणून बर्कलीला, बेलला वा कोणत्या प्रिंटर कंपनीला न विचारता ग्रोनिंगनमधल्या अभ्यासकाला तिथे मराठी-संस्कृतचा जुळारी बसवता आला.

आपल्याकडे दुसऱ्या वाटेनेही काम चालू होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्र 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. संगणकात एक कार्ड बसवायचे आणि पडद्यावर भारतीय लिप्या आणायच्या. 1991 साली इस्की हे भारतीय लिप्यांच्या संकेतांचे प्रमाण ठरले. त्यात साठवायचे ते अक्षर उच्चाराच्या क्रमाने, दिसण्याच्या क्रमाने नव्हे. हा निर्णय फार दूरदृष्टीचा होता. पण बाजारात जे फॉन्ट पसरले त्यांतल्या बहुतेकांनी खिळेच साठवले: दांड्याला एक आकडा, रफाराला एक, अर्ध्या 'स'ला एक. शिवाय प्रत्येकाचे आकडे वेगळे. म्हणून तर एका शाळेतली प्रश्नपत्रिका दुसऱ्या शाळेत उघडली की कचरा दिसे. ही तक्रार न केलेला शिक्षक आम्हाला भेटलेला नाही. तो मजकूर म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची ट्रे होती. पेटीतली मांडणी माहीत नसेल तर ट्रे निरुपयोगी.

युनिकोडने देवनागरीसाठी इस्कीचाच पाया घेतला, म्हणून उच्चाराचा क्रम टिकला. जगभर चालणाऱ्या त्याच्या रूपात प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते. 'मालवण' या शब्दात काना धरून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. ज्या प्रिंटरला प्रत्येक बाइट इंग्रजी अक्षर वाटतो तो 'मालवण'च्या जागी पंधरा अनोळखी चिन्हे छापील. हा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे.

छपाईच्या बाजूने मायकेल स्वीट यांनी 1999 साली कप्स ही नवी प्रणाली आणली. 2002 पासून ॲपलनेही ती घेतली. तिच्यात एक गाळणी नाही, गाळण्यांची साखळी आहे. कोणती गाळणी कशाचे काय करते आणि त्याला 'खर्च' किती, याचा एक तक्ता असतो. कप्स त्यातून सर्वांत स्वस्त मार्ग शोधते, जसा आपण एसटीने कुठे गाडी बदलायची ते ठरवतो. मात्र तिच्यातली साध्या मजकुराची गाळणी रोमन वळणाच्या लिप्या धरून लिहिलेली होती. साधी मराठी फाईल तिच्यातून गेली की कोऱ्या जागा निघत. डोव्ह ग्रोबगेल्ड यांची पॅप्स ही आज्ञावली पँगो या लिप्या जुळवणाऱ्या संचाच्या आधाराने हे काम बरोबर करते. फेडोरा लिनक्सने कप्समध्ये मूळ गाळणीच्या जागी पॅप्सवर बेतलेली गाळणी बसवली. पुन्हा तेच. बाकी सगळे तसेच ठेवून एका जागेवरचा जुळारी बदलला.

शाळेतल्या प्रिंटरचे निदान यानंतर सोपे होते. तो बसवताना कोणीतरी 'कच्चे पाठवा' हा पर्याय निवडलेला होता, म्हणजे गाळणी नकोच. प्रात्यक्षिक म्हणून आम्ही आधी फक्त गाडा डावीकडे आणणारी गाळणी त्या फायलीला लावून पाहिली. जिना गेला, ओळी सरळ आल्या, पण छापली ती कृतीच. मग प्रिंटरचा खरा प्रकार निवडून साखळी जोडली आणि दोन पानांची प्रश्नपत्रिका निघाली. एक चूक तरी राहिलीच. खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांच्या प्रश्नात 'किनाऱ्यावर' हा शब्द रफार देऊन 'किनार्यावर' छापला गेला. मुख्याध्यापक भाषेचे शिक्षक. त्यांनी ताबडतोब बोट ठेवले: आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे एक नव्हे. हा दोष मात्र गाळणीचा नव्हता. दोन्हींसाठी 'र'ची दोन वेगळी चिन्हे टंकावी लागतात, आणि टंकताना नेहमीचा 'र' घेतला होता. जुना जुळारी हे वाचून आपणहून सुधारायचा. आज्ञावली जे दिले तेच जुळवते.

उघड्या जागेची किंमतही असते, हे सांगायला हवे. सप्टेंबर 2024 मध्ये कप्सशी संबंधित काही गंभीर त्रुटी उघड झाल्या. जाळ्यावरून एखादा खोटा प्रिंटर स्वतःची कुंडली पाठवी, तीत एक आज्ञा दडवलेली असे, आणि कोणी त्या प्रिंटरवर काही छापले की फूमॅटिक-रिप नावाची गाळणी ती आज्ञा चालवी. जुळाऱ्याच्या जागेवर कोणालाही बसवता येते म्हणजे चोरालाही. त्रुटी दुरुस्त झाल्या. पण गाळण्या वापरकर्त्याच्या संगणकावरून काढून प्रिंटरच्याच पोटात ठेवाव्यात, हा विचार त्याच्या आधीपासूनच बळावत होता. आजचे बरेच प्रिंटर तयार पान घेतात आणि वेगळी आज्ञावली मागत नाहीत. सोय मोठी आहे. कुलूप कुणाच्या हातात गेले हे ज्याला त्रास होईल त्यालाच समजेल. स्टॉलमन यांना समजले तसे.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे अपवर्तन झाले. कालच्या वाया गेलेल्या कागदांचा गठ्ठा पाठकोरा म्हणून मुलांना कच्च्या कामासाठी वाटला होता. दुपारी दहावीतली एक मुलगी त्यातले एक पान घेऊन आली. जिना सरळ झाल्यानंतरच्या गठ्ठ्यातले ते पान होते. तिला आकड्यांच्या जोड्या दिसत होत्या आणि प्रत्येक जोडीनंतर एकेक इंग्रजी अक्षर. हे काय, असे तिने विचारले. पोस्टस्क्रिप्टमध्ये आधी संख्या येतात आणि काय करायचे ते नंतर, एवढे आम्ही सांगितले; एका अक्षराचा अर्थ लेखणी तिथे न्या, दुसऱ्याचा अर्थ तिथपर्यंत रेघ ओढा. तिने आलेखाचा कागद घेतला, अक्ष काढले, प्रमाण ठरवले आणि बिंदू मांडत गेली. पंधरा-वीस मिनिटांनी कागदावर मुख्य अक्ष आला, मग बाण, मग भिंगाच्या मध्यातून सरळ गेलेला किरण. भिंगाची वळणे तिला काढता येईनात, कारण तिथे जोडीऐवजी सहा-सहा संख्या होत्या. त्या सहा संख्या कशाच्या, हे सांगत आम्ही बसलो तोवर शाळा सुटल्याची घंटा झाली.